पहिली पिशवी, पहिली टीप

 

आपल्या भागात बऱ्याच घरी शिलाई मशीन आहे. कुणाला लग्नात मिळालं, कुणाला योजनेतून, कुणी गटातून अंतर्गत कर्ज काढून घेतलं. पण त्यातल्या कितीतरी मशीनवर आज चादर टाकलेली असते आणि वर टीव्ही नाहीतर देवाचा फोटो. विचारलं तर उत्तर एकच, "धागा सारखा तुटतो, मग कोण बसणार?" कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो, त्याचा धागा तुटत नाही. म्हणून आज आम्ही ब्लाउज, परकर काही सांगणार नाही. एक साधी बाजाराची पिशवी सांगणार आहोत. सुरुवातीला लागणारी जवळजवळ सगळी शिवण त्या एका पिशवीत येते.

आधी मशीन काय करतं ते समजून घेऊ. हाताने शिवताना एकच धागा कापडातून वरखाली जातो. मशीनला धागे दोन, एक सुईतला आणि दुसरा खाली बॉबिनवरचा. सुईचं भोक टोकाशी असतं, म्हणून ती धागा घेऊन खाली उतरते. खालचं शटल तो धागा पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि दोन्ही धागे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. एलायस हाव नावाच्या अमेरिकन माणसाने १८४६ साली याच पद्धतीच्या मशीनचं पेटंट घेतलं. आपलं काळं पायमशीन अजून तसंच चालतं. जाळं सांधणाऱ्या बायांना हे पटकन कळतं, धाग्यात धागा कसा धरून ठेवतात ते त्यांना शिकवावं लागत नाही.

पहिले दोन दिवस धागा लावूच नका. मुलांच्या वहीचं रेघांचं पान सुईखाली ठेवा आणि रेघेवरून नुसती भोकं पाडा. चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं, पाय मग त्याला साथ देतो. चाक उलट फिरलं तर पुढे धागा तुटतो, आणि नव्या बाईचा धागा तुटण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. रेघ जमली की चौकोन काढा. कोपऱ्यावर सुई कागदात खालीच ठेवायची, फूट उचलायचा, कागद वळवायचा, फूट टाकायचा. शेवटी वाटी ठेवून गोल काढा. आणि बसण्याआधी पदर खोचून घ्या, वेणी मागे टाका.

मग धागा. वरचा धागा ओवताना फूट वर असू द्या, म्हणजे तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसतो. सुईतला धागा हातात धरून चाक एकदा फिरवा, खालचा धागा आपोआप वर येतो. दोन्ही धागे चार बोटं मागे ओढून ठेवा. शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचं जाळं झालं तर बहुतेक बाया बॉबिनला दोष देतात. दोष बहुधा वरच्या धाग्याचा असतो. तो चकत्यांत बसलेला नसतो, नाहीतर फूट खाली टाकायचा राहिलेला असतो. पुन्हा ओवा आणि पाहा.

आता कापड. जुनी सुती चादर चालेल, फार जाड कापड पहिल्यांदा नको. १६ इंच रुंद आणि ३४ इंच लांब असा एक तुकडा घ्या. बंदांसाठी ४ इंच रुंद, २२ इंच लांब अशा दोन पट्ट्या. सुई १६ नंबरची लावा, टाका इंचाला १० ते १२ पडेल असा ठेवा.

बंद आधी करा. पट्टी लांबीत मधोमध दुमडून घडी पाडा, उघडा, दोन्ही कडा त्या घडीपर्यंत आणा आणि परत मिटा. एक इंचाचा चार पदरी बंद होतो. दोन्ही कडांना सरळ टीप मारा. सरळ टीप हातात बसते ती इथेच.

पुढे तोंड. तुकड्याच्या १६ इंची दोन्ही कडा आतल्या बाजूला आधी अर्धा इंच, मग दीड इंच दुमडा. बंदाची टोकं या दुमडीत घाला, दोन्ही कडांपासून चार-चार इंच सोडून. दुमडीला खाली टीप मारा, मग बंद वरच्या दिशेला वळवून त्यावर चौकट आणि चौकटीत फुली शिवा. सगळं वजन इथे येतं, कंटाळा करू नका. काही जणी बाजू आधी शिवतात. पण आपल्या मशीनचा पाट सपाट असतो, नळीसारख्या पिशवीत नव्या हाताकडून मागचं कापड हमखास शिवलं जातं. म्हणून तोंड आधी.

आता बाजू. आपल्या काळ्या मशीनला झिगझॅग नाही आणि इंटरलॉकसाठी डहाणूला जाणं परवडत नाही. मग कापडाची कड सुटते आणि तांदळात दोरे सापडतात. यावर उपाय फ्रेंच शिवण. पिशवी मधोमध दुमडा, पण सुलट बाजू बाहेर ठेवून. कडेपासून पाव इंचावर टीप मारा आणि निघालेले दोरे कापा. मग पिशवी उलटी करा, शिवण बोटाने दाबा आणि अर्ध्या इंचावर दुसरी टीप. कच्ची कड आत बंद होते. तोंडाजवळ कापडाचे पदर फार होतात, तिथे पायडल सोडा आणि चाक हाताने फिरवा, नाहीतर सुई मोडेल. प्रत्येक टीपेच्या दोन्ही टोकांना तीन-चार टाके उलटे घ्या. उलटं चालण्याची सोय नसेल तर कापड फिरवून त्याच टाक्यांवरून परत या.

पिशवी सुलट करा. साडेचौदा बाय पंधरा इंचाची झाली पाहिजे.

लगेच विकायला काढू नका. पाच किलो तांदूळ भरून रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी बंदापाशी टीप उसवली नसेल तर पुढची शिवा. राज्यात मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे चिकूवाला असो की किराणावाला, कापडी पिशवी लागतेच. पण भर बाजारात बंद तुटला तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

किनाऱ्यावरच्या बायांसाठी एक वेगळी गोष्ट. खारा वारा मशीन खातो. काम झालं की कोरड्या कपड्याने पुसा, दात्यांतला कापूस काढा, तेलाच्या भोकांत मशीनचं तेल एक-एक थेंब टाका आणि मग चिंधीवर चार टीपा मारा, म्हणजे जास्तीचं तेल निघून जातं. खोबरेल अजिबात नको, ते आत चिकटून बसतं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, सुकटीचं काम नसतं. शिकायला तेच दिवस बरे, आणि मशीन गंजतं तेही त्याच दिवसांत.

राहिला भाव. व्यापारी नगावर दर सांगतो आणि आपण मान डोलावतो. त्याआधी दहा पिशव्या शिवा आणि प्रत्येकीला किती वेळ लागला ते गटाच्या वहीत लिहा. कापड, धागा, मोडलेली सुई, डहाणूचं रिक्षाभाडं, सगळं लिहा. पहिल्या पिशवीला अर्धा दिवस जातो, दहावीला बराच कमी लागतो. हप्ता फेडायचा हिशोब दहाव्या पिशवीच्या वेळेवर मांडा, आणि दर त्यात बसत नसेल तर तो मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोला, एकटीने ठरवू नका.

पुढच्या भागात काज आणि बटण घेऊ. तोवर वहीची जुनी पानं जपून ठेवा.