लाकडाचा आवाज लाकडाचाच राहावा

नागपुरात सीताबर्डीहून निघालेली मेट्रो हिंगणा रस्त्यानं लोकमान्यनगरला येऊन थांबते. २८ जानेवारी २०२० ला हा मार्ग सुरू झाला. आता या मेट्रोच्या डब्यांत पाठीला गिटारची काळी पिशवी अडकवलेली मुलं दिसतात. वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ सालचं. त्याच्या आसपास आणखीही महाविद्यालयं आहेत. हिवाळ्यात स्नेहसंमेलनांचे मंडप पडतात, होस्टेलच्या खोलीत गोड वाजणारी गिटार मंचावर येते आणि तिचा आवाज ओळखू येत नाही. कधी तो पत्र्यासारखा किरटा होतो, कधी नुसताच घुमतो, आणि मधेच कान फाडणारी शिट्टी बसते. दोष बहुतेक वेळा मुलाच्या बोटांत नसतो, गिटारच्या किमतीतही नसतो. तारेपासून मिक्सरपर्यंतच्या दोन-तीन टप्प्यांत तो दडलेला असतो.

माइक कुठं ठेवायचा

गिटारचा आवाज मधल्या भोकातून येतो, असं समजून माइक थेट तिथं लावला जातो. प्रत्यक्षात तारेचं कंपन ब्रिजवरून पुढच्या पातळ फळीत उतरतं आणि ती फळी हवा हलवते. भोकातून मुख्यतः पोटातल्या हवेचा घुमारा बाहेर पडतो. तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा आणि तिच्या शेजारच्या तारेचा ११० हर्ट्झचा. भोकाशी माइक धरला की नेमका हाच खर्ज फुगतो आणि बाकीचं गाणं त्यात बुडतं.

म्हणून माइक बाराव्या फ्रेटच्या समोर, वीस ते तीस सेंटिमीटरवर ठेवावा. तिथं फळीची गोलाई आणि नखाचा स्पर्श दोन्ही मिळतात. हे अंतर दुप्पट केलं, तर माइकपर्यंत पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं घटतो. ती घट भरून काढायला गेन वाढवला की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी बसते. मंचावर विनाकारण उघडा ठेवलेला प्रत्येक माइक हा धोका वाढवतो. तेव्हा शिट्टी बसली की आधी अंतर आणि मॉनिटरची दिशा पाहावी, इक्वलायझरकडं नंतर वळावं.

प्रीअॅम्पचं काम

गाण्यासाठी सर्रास वापरला जाणारा डायनॅमिक माइक गिटारसमोर फार तर एक-दोन हजारांश व्होल्ट देतो. पुढच्या यंत्रणेला साधारण एक व्होल्ट हवा असतो. प्रीअॅम्प ही दरी भरतो. ६० डेसिबलचा गेन म्हणजे व्होल्टेज हजारपट. सिग्नलसोबत त्यातला खरखराटही तितकाच वाढतो, म्हणून सुरुवातीचा हा टप्पा स्वच्छ असावा लागतो. गिटारसारख्या हळू आवाजाच्या वाद्याला कंडेन्सर माइक अधिक मानवतो, कारण तो मुळातच जास्त सिग्नल देतो. त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्टचा फॅन्टम पुरवठा द्यावा लागतो. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक तयार केला, आणि त्यातून कंडेन्सर माइक स्वस्त होऊन घरोघरी पोचला.

बऱ्याच गिटारींत तारांखालीच पिकअप बसवलेला असतो. तो पिझो स्फटिकावर चालतो. दाबामुळं स्फटिकात वीज निर्माण होते, हे प्येर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. या पिकअपला निदान दहा लाख ओहमचा इनपुट लागतो. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला तो जोडला, तर खर्ज गळून जातो. स्नेहसंमेलनात ऐकू येणारा किरटा आवाज अनेकदा इथूनच येतो. गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये योग्य प्रीअॅम्प किंवा अॅक्टिव्ह डीआय बॉक्स आला की तो बराचसा दुरुस्त होतो. माइक आणि पिकअप दोन्ही एकत्र घेतले, तर एकाची पोलॅरिटी उलटी करून पाहावी. ज्या जोडीत खर्ज भरून येतो, ती बरोबर.

इथली हवा, इथली वीज

गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. फळी खाली बसते, तारा फ्रेटला लागून खरखरतात. तीच गिटार कूलरच्या ओल्या झोतात ठेवली तर लाकूड फुगतं. माइक ही खरखर लपवत नाही, उलट मोठी करून ऐकवतो. म्हणून उन्हाळ्यात गिटार केसमध्ये, उन्हानं तापलेल्या भिंतीपासून आणि कूलरच्या झोतापासून दूर ठेवणं हे ध्वनिव्यवस्थेचं पहिलं काम आहे.

विजेचंही तसंच. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलं की ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण स्पीकरमधून येते. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा स्वर ९८ हर्ट्झचा आहे. गुणगुण त्याच्या इतकी जवळ येते की ती कापायला गेलं तर गिटारचा खर्जही कापला जातो. त्यापेक्षा बॅलन्स्ड केबल वापरावी आणि मंचावरची सगळी यंत्रणा एकाच अर्थिंगवर घ्यावी.

खंजिरीला लागू, ते गिटारलाही

विदर्भात भजनाला खंजिरीची साथ रुजवली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८). गावोगावच्या मंडळांत आजही खंजिरी, हार्मोनियम आणि तबला एकत्र वाजतात. तिथंही हेच घडतं. खंजिरी माइकच्या तोंडाशी धरली की झांजांचा कडकडाट उरतो, चामड्याचा ठोका हरवतो. वितभर मागं सरलं की दोन्ही ऐकू येतात. वाद्य इथलं असो की परदेशातून आलेलं, त्याला मोकळी हवा आणि नेमकं अंतर लागतं.

आवाज मोठा करून ही उणीव भरून निघत नाही, आणि कायदाही तशी मुभा देत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही.

महाविद्यालयांना आणि मंडळांना म्हणून एकच विनंती आहे. कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांच्या सत्काराला जशी वेळ राखून ठेवता, तशी कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटं वादकाला आणि साउंडवाल्याला एकत्र द्या. नको असलेले माइक बंद करा. मग गिटार आधी माइकशिवाय ऐका, आणि स्पीकरमधून तशीच ऐकू येईपर्यंत माइक हलवत राहा.