व्यायामाचा धोका नेमका कशात?

ऑगस्ट २०२४ च्या उत्तरार्धात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीसाठी शारीरिक चाचणी सुरू झाली. पुरुष उमेदवारांनी एका तासात दहा किलोमीटर अंतर धावून पूर्ण करावे, अशी अट होती. चाचणीच्या काळात दहाहून अधिक तरुणांचा मृत्यू झाला. मृत्यूंच्या कारणांविषयी परस्परविरोधी दावे झाले. राज्य सरकारने प्रक्रिया काही दिवस स्थगित केली आणि यापुढे चाचणी सकाळी नऊनंतर घेतली जाणार नाही, असे जाहीर केले.

तासाला दहा किलोमीटर म्हणजे एका किलोमीटरला सहा मिनिटे. वर्षभर नियमित धावणाऱ्या तरुणाला ही गती फारशी अवघड नाही. मात्र भरतीची तारीख लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत सराव उरकणाऱ्याला, तोही श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत, तीच गती शरीराच्या मर्यादेपलीकडे नेऊ शकते. अंतर दोघांनाही सारखेच असले, तरी त्यांच्या शरीरांवर पडणारा भार अगदी वेगळा असतो. व्यायामाच्या सुरक्षिततेचा सगळा प्रश्न या फरकात सामावलेला आहे.

अशा घटनांनंतर ‘त्यापेक्षा व्यायाम न केलेला बरा’ असे हमखास ऐकू येते. वैद्यकीय पुरावा मात्र उलट दिशा दाखवतो. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांच्या आरोग्याची तुलना जेरी मॉरिस यांनी केली व ती १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा, दररोज शेकडो पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर नोकरीच्या प्रारंभापासूनच अधिक असल्याचे दिसून आले. म्हणजे सारे श्रेय जिन्याला देता येणार नव्हते. तरीही शरीराची हालचाल हृदयाचे रक्षण करते, या निष्कर्षाला त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी दुजोरा दिला आहे.

मग व्यायाम करताना हृदयविकाराचा झटका येतो तो का? अमेरिकेतील एक अभ्यास या संदर्भात बोलका आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,२२८ रुग्णांना, झटक्यापूर्वीच्या तासात जोरकस श्रम घडले होते काय, असे विचारण्यात आले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता एरवीच्या सुमारे अडीचपट होती; ज्यांना व्यायामाची सवयच नव्हती त्यांच्यात ती शंभरपटीहून अधिक होती. मूळ शक्यता अत्यल्प असल्याने शंभरपट होऊनही ती एका तासापुरती लहानच राहते, हे येथे नमूद केले पाहिजे. पण त्यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. सवयीचे श्रम शरीराला पेलवतात आणि हळूहळू बळकट करतात, तर अचानक अंगावर घेतलेले श्रम त्याला धक्का देतात.

भारतात ही सवयच विरळ होत चालली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये देशातील ४९.४ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. २००० मध्ये हे प्रमाण २२.३ टक्के होते. स्त्रियांत ते ५७ टक्के, तर पुरुषांत ४२ टक्के आढळले. घरकाम आणि कामावर जाण्यायेण्याची पायपीट या मोजणीत धरलेली असते. ‘घरात दिवसभर राबते, वेगळा व्यायाम कशाला’ या समजुतीवर यामुळे प्रश्नचिन्ह उभे राहते. काम थकवते खरे; पण थकवा आणि हृदयाला मिळणारा व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हालचाल किती असावी, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेत. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस प्रमुख स्नायूंना ताकदीचे काम द्यावे. ज्येष्ठांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत, कारण उतारवयात पडणे हेच अनेकदा अंथरुणाला खिळण्याचे निमित्त ठरते. मुलांना व किशोरांना रोज सरासरी साठ मिनिटांची हालचाल हवी. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरली जात नसे. ती अट आता काढून टाकण्यात आली आहे. त्यामुळे बसथांब्यापर्यंतची सात मिनिटांची भरभर चालही मोजली जाते.

मध्यम आणि जोरकस यांतील भेद ओळखण्यासाठी मनगटावरच्या महागड्या घड्याळाची आवश्यकता नाही. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तोवर श्रम मध्यम समजावेत. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर ते जोरकस झाले. ‘२२० वजा वय’ हे कमाल नाडीगतीचे प्रचलित सूत्र केवळ सरासरी सांगते, व्यक्तीगणिक त्यात मोठा फरक पडतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी तर औषधामुळेच संथ राहते. त्यांना हे सूत्र लागूच पडत नाही. बोलण्याची कसोटी सर्वांना उपयोगी पडते.

व्यायामाला नुकताच प्रारंभ केलेल्यांना दुखापती नेमक्या केव्हा होतात, हे पाहणे उद्बोधक आहे. बहुधा त्या पहिल्या दिवशी होत नाहीत, तिसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास डोके वर काढतात. याचे कारण असे की, शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच वाढते, हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता काही आठवड्यांत सुधारते आणि पूर्वी पहिल्याच वळणावर लागणारा दम लागेनासा होतो. स्नायूंची ताकदही लवकर वाढल्यासारखी वाटते. सुरुवातीची वाढ प्रामुख्याने मज्जासंस्था स्नायूंना अधिक नेमके आदेश देऊ लागल्याने होते. पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडे यांना महिने लागतात. हाडाची नव्याने बांधणी होताना आधी जुना भाग काढून टाकला जातो, नंतर तेथे नवा भरला जातो. मधल्या काळात ते हाड तात्पुरते दुबळे असते.

दम साथ देतो, उत्साह वाढलेला असतो, माणूस अंतर दुप्पट करतो आणि नडगी किंवा टाच दुखू लागते. ब्राइटहाऊप्ट या प्रशियाच्या लष्करी वैद्याने १८५५ मध्येच दीर्घ संचलन करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, वेदनामय पावलांचे वर्णन केले होते. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर ती तळपायाच्या हाडांतील बारीक भेग असल्याचे कळले. आजही नव्याने भरती झालेल्या जवानांत आणि हौशी धावपटूंत ती आढळते. म्हणूनच व्यायामाचे प्रमाण दमावरून न ठरवता सांध्यांच्या आणि हाडांच्या गतीने वाढवणे शहाणपणाचे असते. व्यायामानंतर एक-दोन दिवस सर्व अंग आंबून येणे स्वाभाविक आहे. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल अशी, दर खेपेला वाढत जाणारी वेदना मात्र थांबण्याची सूचना समजावी.

सवय नसताना एकाच दिवशी शेकडो बैठका काढण्याची पैज किंवा जिममधील पहिल्याच दिवसाचा अतिरेक, यांचा आणखी एक परिणाम फारसा माहीत नसतो. स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यांतील प्रथिने रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडांवर त्यांचा ताण येतो. स्नायू कमालीचे दुखरे होऊन लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

मर्यादेचे हे भान आपल्या परंपरेला नवे नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात बलवान माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असे सांगितले आहे. विशेष म्हणजे तो थंडीच्या दिवसांत व वसंतात अशा प्रमाणात करून, अन्य ऋतूंत सौम्य ठेवावा, असाही निर्देश आहे. आधुनिक शरीरशास्त्र याच मुद्द्यावर वेगळ्या वाटेने पोहोचते. श्रम करताना शरीरात निर्माण होणारी उष्णता मुख्यतः घाम सुकल्याने बाहेर पडते. हवा दमट असेल तर घाम गळतो, सुकत नाही, आणि शरीर तापतच राहते. उष्ण हवेला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात व्यायामाचा वेळ आणि जोर दोन्ही कमी ठेवावेत. चेन्नई, कोलकाता किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी केवळ तापमानाचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये.

पहाटेचा व्यायाम सर्वोत्तम, हा संस्कारही सर्वत्र सारखाच लागू होत नाही. दिल्ली आणि उत्तर भारतातील अनेक शहरांत हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा अडकून पडते व पहाटे प्रदूषण दाट असते. अशा दिवसांत ऊन वर आल्यावर बाहेर पडणे किंवा घरातच सूर्यनमस्कार, जिन्याची चढउतार, खुर्चीवरून उठ-बस असे व्यायाम करणे इष्ट.

प्रारंभीची पाच-दहा मिनिटे हळू चालण्यात, हातपाय मोकळे करण्यात घालवावीत आणि शेवटीही एकदम न थांबता गती हळूहळू उतरवावी. वजन उचलताना श्वास रोखून धरल्यास रक्तदाब क्षणात उसळतो; उचलताना श्वास सोडण्याची सवय लावून घ्यावी. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी खिशात साखर अथवा ग्लुकोज ठेवावे, आणि पायांची संवेदना कमी झाली असल्यास व्यायामानंतर तळवे नजरेखालून घालावेत. ताप असताना व्यायाम टाळावा. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. दीर्घ अंतर धावताना अति पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

चालण्याला सुरुवात करण्यासाठी निरोगी माणसाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच जवळच्या नातलगाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला आहे अशांनी जोरकस व्यायामापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तरुणांतील आकस्मिक मृत्यूंच्या मुळाशी काही वेळा हृदयाच्या स्नायूंचा आनुवंशिक विकार असतो, त्यामुळे शेवटची सूचना भरतीच्या तयारीतील मुलांच्या पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. श्रम करताना छातीवर दडपण येणे, वेदना जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणे, अवाजवी धाप लागणे, भोवळ येणे यांपैकी काहीही घडल्यास त्याच क्षणी थांबावे. ‘पित्त झाले असेल’ म्हणून फेरी पूर्ण करण्याचा आग्रह जिवावर बेतू शकतो.

धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याला सावलीत नेऊन, जादा कपडे काढून, शक्य असल्यास थंड पाण्यात बसवावे. अन्यथा अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. रुग्णालयाकडे निघण्याआधीच हे थंड करणे सुरू झाले पाहिजे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. आणि कोसळलेली व्यक्ती हाकेला प्रतिसाद देत नसेल, श्वास घेत नसेल किंवा केवळ आचके देत असेल, तर ११२ किंवा १०८ क्रमांकावर मदत मागवून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा ती व्यक्ती शुद्धीवर येईपर्यंत हा दाब थांबवू नये. दाब देणारा थकल्यास दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी.