वेणुग्रामचे वृक्ष आणि एक नट

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूंचे गाव. ज्या नगराने आपले नाव एका वनस्पतीकडून घेतले, तेथे आज वेळूचे बेट दाखवावयाचे झाल्यास पाहुण्यास बरेच फिरवावे लागते. निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा जाणारा पुणे-बंगळूर रस्ता ह्या शतकाच्या आरंभी सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झाला आणि दुतर्फाची जुनी झाडे गेली. निपाणीचा रोगी आता बेळगावच्या इस्पितळात लवकर पोहोचतो, हे नाकारता येणार नाही. मात्र उन्हात बस बंद पडली, तर उतारूंना सावलीसाठी पूल शोधावा लागतो.

अशा हरपत चाललेल्या वृक्षांच्या शोधात एक कलावंत निघावा, आणि तोही पडद्यावरचा खलनायक, ह्याचे नवल वाटते. 'शूल' (१९९९) चित्रपटातील बच्चू यादव ज्यांनी रंगविला, ते श्री. सयाजी शिंदे सातारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले. त्यांनी आपल्या वृद्ध आईची बीजतुला केली. पारड्यात सोने नव्हते, देशी झाडांचे बी होते, आणि ते पेरण्यासाठी होते. त्यांच्या 'सह्याद्री देवराई' संस्थेच्या पुढाकाराने १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी बीडजवळ पालवण येथे वृक्षसंमेलन भरले. देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान. तेथे कुऱ्हाड चालवीत नसत.

२०२५ च्या नोव्हेंबरात नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी सतरा-अठराशे झाडे काढण्याचा बेत पुढे आला, तेव्हाही श्री. शिंदे विरोधास उभे राहिले. बदल्यात नवी झाडे लावू, असे सांगण्यात आले. हा हिशेब मला पटत नाही. जुन्या वडाच्या पारंब्या जमिनीत शिरून खोड बनतात. त्याच्या फळांवर तांबट, मैना, वटवाघळे जगतात. एवढा संसार रोपाला उभारावयाचा, तर कित्येक दशके लागतील. रस्त्याला मात्र बगल देता येते: २०२० साली मिरज तालुक्यातील भोसे येथे, लोकांनी आग्रह धरल्यावर, वडासाठी महामार्गाची आखणी बदलण्यात आली.

आमच्या सीमाभागात कोणी वड म्हणतो, कोणी आलद मर. कोगनोळीपलीकडे महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. अलीकडे कर्नाटकाचा १९७६ चा, ज्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही. दोन्ही राज्यांना एकच गोष्ट वर्षाच्या अंतराने सुचली, हेही थोडे नव्हे.