साखर तीच, इन्सुलिन वेगळं

पनवेल स्टेशनजवळच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी सातला गेलात, तर लोकल गाठण्याआधी रक्त देऊन मोकळी होणारी माणसं बाकावर बसलेली दिसतील. “काही खाल्लंय का?” या प्रश्नावर हमखास उत्तर येतं, “नाही, फक्त चहा घेतलाय.” पण चहा घेतला की ती तपासणी उपाशीपोटीची राहत नाही. किमान आठ तास पाण्याशिवाय काही चालत नाही. जेवणानंतरच्या तपासणीचे दोन तासही पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे.

रिपोर्ट आला की नजर आधी साखरेवर जाते. उपाशीपोटी १०० च्या आत म्हणजे ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. ती ५.७ च्या आत हवी, ६.५ पासून मधुमेह. लोह कमी असेल तर हा आकडा फुगू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन कमी असल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आता समजा, दोघांची उपाशीपोटीची साखर ९८ आहे. एकाचं इन्सुलिन ५, दुसऱ्याचं २२. साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागलं की ‘होमा-आयआर’ मिळतो. पहिल्याचा १.२, दुसऱ्याचा ५.३. दुसऱ्याचे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड चौपटीहून जास्त इन्सुलिन ओतून साखर काबूत ठेवतंय. अशी ओढाताण वर्षानुवर्षं चालू शकते. स्वादुपिंड थकलं की मगच साखरेचा आकडा चढतो.

वरून सारखं आणि आतून वेगळं, याचा बोलका पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात एवढी चरबी लपलेली असू शकते, आणि पोटाभोवतीची चरबी इन्सुलिनचं काम अवघड करते.

म्हणून प्रत्येकाने इन्सुलिनची तपासणी करावी का? नाही. लॅबगणिक तिचे आकडे बदलतात, सर्वमान्य सीमारेषा नाही आणि मधुमेहाचं निदान साखरेवरूनच होतं. ती कोणाला हवी, हे डॉक्टरांनी ठरवावं. घरातली शिंपीकामाची टेप मात्र सगळ्यांनी वापरावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी. जेवणानंतर चाला, कारण चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात.

आणि जुने रिपोर्ट टाकू नका. ८८, ९४, ९९ हे तीन वर्षांचे आकडे सुटे पाहिले तर तिन्ही ‘नॉर्मल’ आहेत. ते एकाखाली एक लिहून डॉक्टरांना दाखवा. सावध होण्याची वेळ त्यातून आधीच कळते.