जपानी महिला वॉटर पोलोपटूची कारकीर्द : एक विवेचन

प्रस्तावना

पुरुषांचा वॉटर पोलो १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये खेळला गेला. महिलांना मात्र त्यासाठी २००० च्या सिडनी ऑलिम्पिकची वाट पाहावी लागली. तत्पूर्वी १९८६ साली माद्रिद येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिला गटाचा समावेश झाला होता. जपानी महिलांचा ऑलिम्पिक प्रवेश तर आणखी एकवीस वर्षांनी झाला. या पार्श्वभूमीवर जपानी महिला खेळाडूच्या कारकिर्दीचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप

या खेळात गोलरक्षकासह प्रत्येक संघाचे सात खेळाडू पाण्यात असतात. आठ मिनिटांच्या चार सत्रांत तळाला पाय न टेकता, दोन्ही पाय आळीपाळीने वर्तुळाकार फिरवून शरीर तोलावे लागते. गोलरक्षक वगळता इतरांना चेंडू एकाच हाताने हाताळता येतो. गोलासमोर बलदंड प्रतिस्पर्ध्याशी झटापट करताना उंची व वजन यांना महत्त्व येते. शरीरयष्टीतील ही उणीव वेगवान पोहणे, चेंडूच्या मार्गात शिरून तो अडविणे व तत्काळ प्रतिहल्ला करणे यांद्वारे भरून काढण्याची पद्धत जपानी वॉटर पोलोत रूढ झाली. पुरुष संघाचे माजी प्रशिक्षक योजी ओमोतो यांचे नाव या पद्धतीशी विशेषत्वाने जोडले जाते.

आशियाई स्पर्धा ते ऑलिम्पिक

आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला वॉटर पोलोचा समावेश २०१० साली झाला. जपानने २०१४ मध्ये रौप्य, तर २०१८ मध्ये कांस्यपदक मिळविले. दोन्ही वेळी सुवर्णपदक चीनकडे गेले. ऑलिम्पिकचे दार अखेर यजमानपदामुळे उघडले. महामारीमुळे टोकियो स्पर्धा एक वर्ष लांबली. ऐन उमेदीच्या वयातील खेळाडूच्या दृष्टीने हे वर्ष लहान नव्हते. शिक्षण, नोकरी व सराव यांचा मेळ तिला आणखी वर्षभर घालावा लागला.

यूमी अरिमा, मिकू कोइदे आदी खेळाडूंच्या या संघाला २४ जुलै २०२१ रोजी पहिल्याच सामन्यात अमेरिकेकडून ४-२५ असा पराभव पत्करावा लागला. तथापि पुढील तीन सामन्यांचे आकडे बोलके आहेत : चीनविरुद्ध ११-१६, रशियन ऑलिम्पिक समितीच्या संघाविरुद्ध १६-२० आणि हंगेरीविरुद्ध १३-१७. एकवीस गोलांच्या पराभवानंतर हे अंतर एकदाही पाचांपलीकडे गेले नाही आणि तीन सामन्यांत चाळीस गोल झाले. मात्र याच सामन्यांत त्रेपन्न गोल स्वीकारावे लागले, म्हणजेच आक्रमणाच्या तुलनेत बचाव दुबळा राहिला. एकही विजय न मिळता संघ दहांपैकी नवव्या स्थानी राहिला.

२०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत जपानी महिलांनी पुन्हा रौप्यपदक मिळविले. पुरुष संघाने त्याच स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून पॅरिस ऑलिम्पिक गाठले. महिला गटात ती संधी चीनला मिळाली. एका पायरीचे हे अंतर खेळाडूच्या आयुष्यातील चार वर्षांचे असते.

समारोप

केवळ पदकतालिकेच्या आधारे पाहिल्यास ही कारकीर्द अपयशाची वाटेल. परंतु उशिरा मिळालेली संधी व खंडातील प्रबळ प्रतिस्पर्धी लक्षात घेता तिचे मोल निराळे ठरते. यजमानपद संघाला प्रवेश मिळवून देऊ शकते, गोल मिळवून देऊ शकत नाही. ते चव्वेचाळीस गोल खेळाडूंनी स्वतः कमावले होते. महिला क्रीडेचा अभ्यास करताना निकालाबरोबरच संधीचाही इतिहास तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.