सहा क्लबांचा सीडॉर्फ आणि निष्ठेचा हिशेब

फुटबॉलच्या गप्पांत डच मिडफिल्डर क्लॅरेन्स सीडॉर्फचं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘खेळाडू मोठा, पण एका जागी कधी टिकला नाही. जिथे पैसा, तिथे सीडॉर्फ.’ मग आयाक्स, सॅम्पडोरिया, रिअल माद्रिद, इंटर, एसी मिलान, बोटाफोगो अशी सहा नावं बोटांवर मोजली जातात आणि निकाल लागतो, की क्लब जास्त म्हणजे निष्ठा कमी. हा निकाल चुकीचा आहे. त्याने एकट्या सीडॉर्फवरच अन्याय होत नाही, क्लब बदलणाऱ्या बहुतेक व्यावसायिक फुटबॉलपटूंवर होतो. तो इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे ऐकवला जातो, की एकदा शांतपणे तपासायलाच हवा.

सुरुवात साध्या हिशेबाने करू. सीडॉर्फ आयाक्सच्या मुख्य संघाकडून पहिला सामना खेळला तो नोव्हेंबर १९९२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी. त्या वेळी तो आयाक्सचा सर्वांत लहान पदार्पणवीर होता. हा विक्रम पुढे २०१८ मध्ये रायन ग्राफेनबर्खने मोडला. सीडॉर्फने खेळणं थांबवलं जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे एकवीस वर्षांहून अधिक काळाची कारकीर्द आणि क्लब सहा. त्यातली दहा वर्षं, २००२ ते २०१२, एकट्या एसी मिलानमध्ये गेली. तिथे तो ४३२ सामने खेळला. त्या क्लबकडून इतके सामने खेळलेला दुसरा परदेशी खेळाडू नाही. जो ‘टिकला नाही’ म्हणून सांगितला जातो, त्याचा आकडा हा आहे.

आता उरलेल्या वर्षांकडे पाहू. तो १९९५ मध्ये आयाक्स सोडून जेनोव्हाच्या सॅम्पडोरियाकडे गेला. एका हंगामानंतर, १९९६ मध्ये, फाबियो कापेल्लो रिअल माद्रिदचे प्रशिक्षक झाले. त्या उन्हाळ्यात माद्रिदने संघ जवळजवळ नव्याने बांधला. मियातोविच, शुकर आणि रोबेर्तो कार्लोस आले, सीडॉर्फही आला. पहिल्याच हंगामात माद्रिदने लीग जिंकली आणि कापेल्लो निघून गेले. त्यांच्या जागी युप हाइंकेस आले. त्यांनी १९९८ मध्ये माद्रिदला बत्तीस वर्षांनी युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं आणि त्याच उन्हाळ्यात त्यांना दूर करण्यात आलं. मग गुस हिडिंक, मग जॉन टोशॅक, मग व्हिसेन्ते देल बोस्के. सीडॉर्फ माद्रिदमध्ये होता साडेतीन हंगाम, आणि तेवढ्यात पाच प्रशिक्षकांच्या हाताखाली संघ खेळला. डिसेंबर १९९९ मध्ये तो इंटरकडे गेला. तिथे मार्सेलो लिप्पी होते. ते गेले, मार्को तार्देल्ली आले. तेही गेले, हेक्टर कूपर आले. अडीच वर्षांत तीन प्रशिक्षक.

मधल्या फळीतल्या खेळाडूला प्रशिक्षक बदलण्याची झळ फार बसते. गोलरक्षकाची जागा ठरलेली असते, मुख्य स्ट्रायकरचीही बहुधा ठरलेली असते. मिडफिल्डरचं मात्र सगळंच रचनेवर अवलंबून असतं. मधल्या फळीत दोन खेळाडू असावेत की तीन की चार, कडेने कोणी धावायचं, चेंडू कोणाकडून पुढे जायचा, हे प्रत्येक प्रशिक्षक आपल्या पद्धतीने ठरवतो. सीडॉर्फला उजवीकडे, डावीकडे, मध्यभागी, स्ट्रायकरच्या मागे असं सगळीकडे खेळवण्यात आलं. सगळीकडे खेळू शकणाऱ्या खेळाडूची अडचण अशी, की त्याला स्वतःची पक्की जागा मिळत नाही. नवा प्रशिक्षक आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मिलानमध्ये ती जागा मिळाली. कार्लो अँचेलोटी नोव्हेंबर २००१ मध्ये तिथे आले आणि २००९ पर्यंत राहिले. सीडॉर्फचे मिलानमधले पहिले सात हंगाम एकाच प्रशिक्षकाखाली गेले. मागे पिर्लो, उजवीकडे गट्टूसो, डावीकडे सीडॉर्फ आणि पुढे आधी रुई कॉस्टा, मग काका, अशी रचना ठरली आणि टिकली. या काळात मिलानने २००३ आणि २००७ ची चॅम्पियन्स लीग जिंकली, २००४ चं इटालियन विजेतेपद मिळवलं. जिथे क्लब स्थिर होता, तिथे खेळाडूही स्थिर राहिला. ‘एका जागी पाय ठरत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी आधी पायाखालची जमीन कोण हलवत होतं ते पाहावं.

आणि तो इंटरमधून मिलानमध्ये गेला कसा? दोन क्लबांनी खेळाडूंची अदलाबदल केली. इंटरला मिलानचा डावा बचावपटू फ्रान्चेस्को कोको हवा होता. कोको तिकडे गेला, सीडॉर्फ इकडे आला. शहर तेच, घरचं मैदानही तेच; सान सिरो दोन्ही क्लबांचं. याच्या एक वर्ष आधी इंटरने आंद्रेआ पिर्लोलाही मिलानकडे जाऊ दिलं होतं. पुढची अनेक वर्षं युरोपातली एक सर्वोत्तम मधली फळी मिलानकडे होती, आणि तिचे दोन आधारस्तंभ इंटरने सोडून दिलेले होते. याला सीडॉर्फची चंचलता म्हणायचं, की इंटरची चूक? तरीही यादीत एक नाव वाढलं ते खेळाडूच्याच खात्यावर.

इथे व्यवहाराचे नियम समजून घ्यायला हवेत, कारण गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. खेळाडू आणि क्लब यांच्यात ठरावीक मुदतीचा करार असतो. फिफाच्या नियमांनुसार तो साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी तीन वर्षांचा. करार चालू असताना खेळाडूला दुसरीकडे जायचं असेल, तर आधीच्या क्लबची संमती लागते. नवा क्लब जी ट्रान्स्फरची रक्कम मोजतो, ती जुन्या क्लबला मिळते. वर्तमानपत्रातला तो मोठा आकडा खेळाडूच्या खिशात गेला, असं समजून त्याला लोभी म्हणणारे लोक भेटतात. तो आकडा त्याच्या पगाराचा नसतो. उलट, त्याच रकमेतला पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांदरम्यान घडवणाऱ्या क्लबांना द्यावा, असा फिफाचा नियम आहे. खेळाडूची सही लागते, हे खरंच. पण प्रशिक्षकाच्या योजनेत आपण नाही, असं कळलेल्या पंचविशीतल्या खेळाडूपुढे दुसरा पर्याय असतो तो बाकावर बसून राहण्याचा, आणि खेळण्याची वर्षं मोजकीच असतात.

१९९५ पर्यंत तर खेळाडूची स्थिती याहून वाईट होती. करार संपला तरी जुना क्लब त्याला अडवू शकत असे. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमान या मिडफिल्डरबाबत हेच घडलं. १९९० मध्ये त्याचा आरएफसी लिएज क्लबशी असलेला करार संपला, त्याला फ्रान्सच्या डंकर्क क्लबकडे जायचं होतं, लिएजने वाट अडवली. तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेल्या युरोपीय संघातल्या खेळाडूसाठी क्लबला पैसे मागता येणार नाहीत, आणि युरोपीय संघाच्या नागरिकांवर ‘परदेशी खेळाडू’ म्हणून संख्येची मर्यादाही घालता येणार नाही. ‘बोसमानमुळे खेळाडू भाडोत्री झाले’ असं आजही बोललं जातं. वस्तुस्थिती अशी, की त्या निकालाने खेळाडूंना इतर नोकरदारांना आधीपासून असलेला हक्क मिळाला : करार पूर्ण केल्यावर दुसरीकडे काम करण्याचा.

त्या निकालाने सीडॉर्फचा आयाक्स संघ विखुरला, हेही खरं. २४ मे १९९५ रोजी व्हिएन्नात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलानला १-० असं हरवणाऱ्या त्या संघातले डाविड्स आणि रायझिगर १९९६ मध्ये मिलानकडे गेले, फिनिडी जॉर्ज बेटिसकडे, कानू इंटरकडे. पुढच्या वर्षी क्लायव्हर्ट मिलानकडे आणि ओव्हरमार्स आर्सेनलकडे गेला. १९९९ मध्ये दोघे डी बूर भाऊ बार्सिलोनाकडे गेले. अख्खा संघ दगाबाज निघाला, असं कोणी म्हणत नाही. मग सर्वांत आधी गेला म्हणून एकट्या सीडॉर्फला वेगळा न्याय का?

निष्ठेचं आपलं माप घरच्या मैदानावरून येतं. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पेठेतला मुलगा पेठेच्याच तालमीच्या संघाकडून खेळतो आणि प्रेक्षक त्याच्यात आपलं घर पाहतात. त्या प्रेमाचं मोल मोठं आहे. तसे खेळाडू युरोपातही आहेत. पाओलो मालदिनी मिलान शहरात जन्मला, वडील चेझारे त्याच क्लबचे कर्णधार होते, आणि तो अखेरपर्यंत तिथेच खेळला. पण मालदिनी टिकला याचं अर्धं श्रेय क्लबलाही आहे, क्लबने त्याला कधी विकलं नाही. आणि सीडॉर्फ मुळात निघाला कुठून? १ एप्रिल १९७६ रोजी, सुरिनाम स्वतंत्र झाल्यावर चार महिन्यांनी, तो पॅरामारिबो इथे जन्मला. दोन वर्षांचा असताना कुटुंब नेदरलँड्समध्ये आलं आणि अल्मेरे या नव्याने वसलेल्या शहरात राहिलं. ज्याचं आयुष्यच स्थलांतराने सुरू झालं, त्याला पेठेच्या मापाने मोजणं गैर आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘चांगल्या संघात होता म्हणून करंडक मिळाले.’ चॅम्पियन्स लीग तीन वेगवेगळ्या क्लबांकडून जिंकणारा तो पहिला खेळाडू : आयाक्स १९९५, रिअल माद्रिद १९९८, मिलान २००३ आणि २००७. २००७ च्या उपांत्यपूर्व फेरीत म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध पहिला गोल त्याचा होता, आणि उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडवरच्या ३-० विजयातही एक गोल त्याचा होता. त्या हंगामाचा सर्वोत्तम मिडफिल्डर म्हणून युएफाने त्यालाच निवडलं.

‘राष्ट्रीय संघात तो अपयशी ठरला.’ १९९६ च्या युरो स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी अडवली गेली, आणि १९९७ मध्ये तुर्कस्तानविरुद्ध विश्वचषक पात्रता सामन्यातही त्याने पेनल्टी गमावली. हे दोन प्रसंग खरे आहेत. नेदरलँड्सकडून तो ८७ सामने खेळला आणि १९९८ चा विश्वचषक, युरो २००० व युरो २००४ अशा तीन स्पर्धांत उपांत्य फेरी गाठणाऱ्या संघांत होता, हेही तितकंच खरं आहे.

‘त्याने सुरिनामकडे पाठ फिरवली.’ डच नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला सुरिनामकडून खेळता येत नसे. तिथल्या कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नव्हतं. परदेशस्थ खेळाडूंसाठी विशेष क्रीडा पासपोर्टची सोय झाली ती २०१९ मध्ये. तोवर सीडॉर्फची खेळण्याची वर्षं संपून गेली होती.

‘ब्राझीलला तो निवृत्तीचे पैसे घ्यायला गेला.’ छत्तिसाव्या वर्षी बोटाफोगोकडे गेलेल्या सीडॉर्फने २०१३ मध्ये त्या संघासोबत रिओ राज्याची स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी संघ ब्राझीलच्या राष्ट्रीय लीगमध्ये चौथा आला आणि १९९६ नंतर पहिल्यांदाच कोपा लिबर्तादोरेससाठी पात्र ठरला.

आता निष्ठेच्या मूळ प्रश्नाकडे एकदा परत. जानेवारी २०१४ मध्ये मिलान अडचणीत होता, लीगमध्ये अकराव्या स्थानावर. क्लबने सीडॉर्फला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. त्याने खेळणं थांबवलं आणि तो आला. संघ हंगामाअखेर आठव्या स्थानी पोहोचला. जूनमध्ये क्लबने त्याला काढून टाकलं आणि त्याचाच जुना सहकारी फिलिप्पो इन्झागी याला नेमलं. सीडॉर्फचा करार अजून दोन वर्षं बाकी होता.

तेव्हा एखाद्या मिडफिल्डरच्या क्लबांची यादी पाहून त्याला भाडोत्री ठरवण्याआधी वाचकांनी चार गोष्टी तपासाव्यात : करार कधी संपला, प्रशिक्षक कितीदा बदलले, ट्रान्स्फरचे पैसे कोणाला मिळाले, आणि जिथे त्याला जागा मिळाली तिथे तो किती काळ राहिला. सीडॉर्फच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे दहा वर्षं आणि ४३२ सामने.