जुनी व्हॅन : कार्बुरेटर सांभाळावा की इंजेक्शनची घ्यावी?

पहाटे बेकरीचा पाव दुकानांवर पोचवायचा, दुपारी गादीवाल्याचा कापूस आणायचा आणि संध्याकाळी केटररचे डेग हॉलवर न्यायचे, अशी सारी कामे अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत वर्षानुवर्षे एका गाडीने केली. ती गाडी म्हणजे मारुती व्हॅन. १९८४ साली ती बाजारात आली, १९८८ मध्ये तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पस्तीस वर्षांत तिचे रूप फारसे पालटले नाही. सरकता दरवाजा तोच, पुढच्या सीटखाली दडवलेले ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन तेच. बदलली ती एकच मोठी गोष्ट : पेट्रोल इंजिनात कसे शिरते. पहिल्या पंधरा-सोळा वर्षांच्या गाड्या कार्बुरेटरच्या, नंतरच्या इंजेक्शनच्या, म्हणजे ज्यांना गॅरेजमध्ये सरसकट एमपीएफआय म्हणतात त्या.

नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेला लहान व्यापारी आजही जुनी ओम्नी शोधतो. त्याला या दोन्ही प्रकारच्या गाड्या दाखवल्या जातात. दलाल सांगतो, कार्बुरेटरची घ्या, कोणीही दुरुस्त करील. दुसरा सांगतो, इंजेक्शनची घ्या, पेट्रोल कमी पिते. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. म्हणून आम्ही या लेखात दोन्ही यंत्रांचा जरा बारकाईने हिशेब मांडत आहोत.

कार्बुरेटरचे तत्त्व साधे आहे. हवा एका अरुंद घशातून ओढली जाते. तेथे तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे शेजारच्या वाटीतील पेट्रोल पितळी जेटच्या बारीक छिद्रातून आपोआप वर येऊन हवेत मिसळते. वाटीतील पातळी फ्लोट आणि त्याची सुई सांभाळते. थंड इंजिनासाठी चोक आणि अचानक पाय दाबला तर जादा पेट्रोल देणारा छोटा पंप. बस, एवढाच कारभार. यात विजेचे काम जवळजवळ नाही, म्हणूनच पेचकस, पाना आणि तयार कान असलेला उस्ताद इंजिनाच्या आवाजावरून स्क्रू पाव आटा इकडे-तिकडे फिरवून गाडी लावून देत असे. हे हुनर आपल्या शहरात खोलवर रुजले, त्याला कारणही होते. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यालाच होता. तेथून निघालेल्या फियाट, पुढे पद्मिनी, टॅक्सी म्हणून शहरभर धावल्या आणि त्यांच्या दुरुस्तीवर कुर्ला, साकीनाका, जोगेश्वरी अशा भागांतील कितीतरी गॅरेजे उभी राहिली. फियाटचा कार्बुरेटर खोलणाऱ्या हातांना मारुतीचा कार्बुरेटर अवघड गेला नाही.

मग तो गेला का? धुरामुळे. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिसे कन्व्हर्टरला मारून टाकते. या कन्व्हर्टरला आणखी एक पथ्य आहे. धुरातील तिन्ही विषारी घटक तो तेव्हाच नीट साफ करतो, जेव्हा एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत टिकते. कार्बुरेटर हे प्रमाण अंदाजाने सांभाळतो. उन्हाळा-पावसाळा, चढ-उतार, झिजलेला जेट, मळलेला एअर फिल्टर या प्रत्येक गोष्टीने ते हलते. इंजेक्शनमध्ये मात्र पेट्रोलच्या टाकीतच विजेचा पंप असतो, तो दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो आणि प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर किती क्षण उघडायचा हे एक छोटा संगणक ठरवतो. सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला धुराची खबर देत राहतो. २००० सालापासून भारत स्टेजचे नियम कडक होत गेले आणि मोटारींतून कार्बुरेटर हद्दपार झाला.

पीयूसीच्या कागदावरही हा फरक दिसतो. भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत माफ आहे. स्टेज दोन आणि तीनच्या गाडीला मर्यादा ०.५ टक्का, स्टेज चारच्या गाडीला ०.३ टक्का. म्हणजे जुनी गाडी जुन्याच मापाने मोजली जाते. इंजेक्शनच्या गाडीचा कन्व्हर्टर कोणी काढून भंगारात विकला असेल तर मात्र ती पीयूसीत अडकेल. अशी गाडी घेताना खाली वाकून कन्व्हर्टर जागेवर आहे का हे पाहावे. त्यात मौल्यवान धातू असतो, त्यामुळे तो गायब होण्याचे प्रकार घडतात.

खर्चाचे बोलू. समजा, व्हॅन महिन्याला १००० किलोमीटर धावते. कार्बुरेटरची गाडी लिटरला १२ देते आणि इंजेक्शनची १४. पहिलीला ८३ लिटर लागेल, दुसरीला ७१. पेट्रोल १०० रुपये धरले तरी महिन्याला बाराशे रुपयांचा फरक पडतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने टाकी भरून, किलोमीटर लिहून स्वतःच्या गाडीचे काढावेत. उलट बाजूला, इंजेक्शनच्या गाडीचा टाकीतला पंप किंवा संगणक बिघडला तर वाचलेले पैसे एका झटक्यात जातात, तर कार्बुरेटरची किट आणि अर्ध्या दिवसाची मजुरी कोणालाही परवडते. जी गाडी आठवड्यातून दोनदा, पाच-सात किलोमीटरसाठी निघते, तिच्या मालकाने मायलेजच्या मागे लागू नये, असे आमचे मत आहे.

मुंबईच्या हवेचाही विचार हवा. मे महिन्यात लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंड वाहतूक तुंबली की सीटखालचे इंजिन भट्टीसारखे तापते. कार्बुरेटरच्या गाडीत इंजिनाजवळचा पंप पेट्रोल ओढून आणतो. नळीतच पेट्रोलची वाफ झाली की पुरवठा तुटतो आणि पंपावर ओले फडके ठेवून थांबावे लागते. इंजेक्शनमध्ये पेट्रोल टाकीपासूनच दाबाखाली असल्याने हा त्रास सहसा नाही. पावसात मात्र पारडे फिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पाण्यात बुडालेली कार्बुरेटरची गाडी वाटी उपसून, तेल बदलून, डिस्ट्रिब्यूटर सुकवून पुन्हा चालू होऊ शकते. संगणकात आणि वायरिंगच्या जोडांत शिरलेले पाणी इतक्या सहज निघत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्याकडे जुन्या गाड्यांच्या मालकांचे पुरेसे लक्ष नाही. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजे ई-२० आले. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे प्रमाण ई-२० मध्ये सुमारे १३.५ वर उतरते. इंजेक्शनचा संगणक सेन्सरच्या खबरीवरून जादा पेट्रोल सोडून बरेचसे सांभाळून घेतो. कार्बुरेटरला ही खबर देणारे कोणी नाही. जेटचे छिद्र जेवढे तेवढेच, त्यामुळे मिश्रण पातळ पडते, इंजिन गरम होते, सकाळी उशिरा उठते आणि चढावर धाप टाकते. शिवाय जुने रबर इथेनॉलने फुगते किंवा तडकते, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या व्हॅनची वाटी उघडली की तळाशी पाणी आणि धातूवर पांढरी भुकटी सापडते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता.

यावर उपाय आहेत. पेट्रोलच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवाव्यात. वरच्या पंपाचा पडदा आणि सुई बदलावी. प्लग पांढरे पडत असतील तर मुख्य जेट एक नंबर मोठा लावावा. लावावा म्हणजे नवा आणावा. तार घालून छिद्र मोठे करू नये. जेट साफ करायलाही पोलादी तार घालणारा मेकॅनिक ग्राहकाचे पेट्रोल जाळतो, हवेचा झोत पुरेसा असतो. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करावी.

सीएनजीचे थोडक्यात. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली आणि पुढे उपनगरांतील पुष्कळ ओम्नी गॅसवर गेल्या. कार्बुरेटरच्या गाडीत गॅस मिक्सरमधून ओढला जातो. किट साधी असते, पण वर्षानुवर्षे पेट्रोल न वापरल्याने वाटी कोरडी पडते आणि आतले पडदे कडक होतात, तेव्हा आठवड्यातून थोडे अंतर पेट्रोलवर चालवावेच. इंजेक्शनच्या गाडीला प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारी सिक्वेन्शिअल किट बरी.

काही जण कार्बुरेटरच्या व्हॅनमध्ये भंगारातून आणलेले इंजेक्शनचे इंजिन बसवून घेतात. आमचा सल्ला, या भानगडीत पडू नये. नुसते इंजिन बदलून भागत नाही. टाकीतला पंप, वायरिंग, संगणक, सेन्सर सारेच एका गाडीचे लागते आणि इंजिन नंबर बदलला की आरटीओची मंजुरी व आर.सी. बुकात नोंद आवश्यक ठरते. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारण्यास मोकळी. तसेच पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाले, त्यात राज्याचा पर्यावरण कर वेगळा. जुनी गाडी घेताना किमतीत हे धरावे.

गॅरेजवाल्यांसाठी दोन शब्द. कार्बुरेटरच्या गाड्या दरवर्षी कमी होत आहेत. पद्मिनी टॅक्सी तर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. ज्या शागीर्दाने केवळ कार्बुरेटर शिकला त्याची रोजी धोक्यात आहे. मात्र स्वस्त स्कॅनर विकत घेतला म्हणजे काम झाले असेही नाही. ओबीडीची सक्ती भारत स्टेज चारबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या इंजेक्शनच्या ओम्नीशी साधा स्कॅनर बोलेलच असा भरवसा नाही. तेथे मल्टिमीटर, पेट्रोलच्या दाबाचा गेज आणि वायरिंगचा नकाशा वाचण्याची सवय हीच हत्यारे. यातील मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. ज्यांच्या गॅरेजात दोन-तीन मुले हाताखाली आहेत त्यांनी त्यांपैकी एकाला तरी कुर्ला किंवा मुलुंडच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या प्रवेशाची चौकशी करण्यास पाठवावे. प्रवेश दहावीच्या निकालानंतर, पावसाळ्याच्या तोंडाला सुरू होतात.